अकरा डावे हात

३ फेब्रुवारी

निवृत्त बस-ड्रायव्हर आज भांडायला आले. म्हणजे भांडले नाहीत. खुर्चीच्या टोकावर नम्रपणे बसले. पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचणारा. त्यांची कंबर आमच्या केंद्रात सुधारते आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार डाव्या हाताची.

"डॉक्टरबाई, माझा डावा हात ठणठणीत आहे. मग चालताना तो अंगाशी धरून ठेवा, असं तुमचा तो नवा मास्तर का सांगतो?"

असं आमच्याकडे कोणी सांगत नाही, मी म्हटलं. माझ्या उपचारात नियम एकच — जेवढं जमतं त्याच्या निम्मंच हलायचं, आणि श्वास अडला की थांबायचं. पंचवीस वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिच्या एका बोटापासून मी हे सुरू केलं. त्या बोटावरसुद्धा कधी सक्ती केली नाही. मग ड्रायव्हरसाहेबांचा धडधाकट हात कशाला बांधून ठेवीन?

"बघा बुवा," म्हणाले आणि गेले.

४ फेब्रुवारी

केंद्रातल्या शिक्षकांचा वर्ग दाराच्या काचेतून लपून पाहिला. अकरा जण गोल चालत होते. अकरा उजवे हात छान झुलताहेत, आणि अकरा डावे हात — काखेत पर्स दाबून बाजाराला निघाल्यासारखे! शिवाय वळण्याआधी प्रत्येकाचा एक थांबा. जणू बदकांना एकाएकी काहीतरी आठवलंय. हसू दाबताना माझाच श्वास अडला. नियमाप्रमाणे थांबले.

शाळेत सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालवायच्या. त्या स्वतः जराशा लंगडायच्या. सहामाहीपर्यंत अर्धा वर्ग लंगडत होता — निव्वळ भक्तीने. मीही. आईने मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं!

वर्ग सुटल्यावर पट्टशिष्येला गाठलं. हे नाव मी तिच्या पाठीमागे वापरते. माझ्या पाठीमागे ती काय वापरते, देव जाणे. पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहे. त्याआधी इस्पितळात मेंदूच्या रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. तिने फरशीकडे बघत सांगितलं, "तुम्हीच तर तसं चालता, मॅडम."

काहीतरीच!

५ फेब्रुवारी

ह्यांना विचारलं, मी चालते तेव्हा माझा हात हलतो का? पेपराच्या आडून उत्तर आलं, उजवा हलतो. आणि डावा? पेपर खाली आला. "त्याला दोनेक वर्षं सुट्टी आहे ना?"

मग बोलला का नाहीत, तर ह्यांना वाटलं, माझ्या शास्त्रातलं काही असेल. छत्तीस वर्षांचा संसार! बायको वाकडी चालायला लागली तरी नवऱ्याला ते शास्त्र वाटावं — हा मान समजायचा की अपमान, ठरवता आलं नाही. भाजी मात्र करपली.

७ फेब्रुवारी

जुन्या चित्रफिती काढून बसले. सहा वर्षांपूर्वीची पाहिली. केस काळे (बाटलीतले), हात दोन्ही झुलते. मग गेल्या वर्षीच्या संमेलनातली. डावा हात गप्प. वळण्याआधी तोच थांबा.

त्या थांब्यावर टाळ्या पडल्या होत्या! एक पाहुणे भाषणात म्हणाले होते, बाईंच्या हालचालीत आता मौन उतरलं आहे. त्या वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते. मौन कसलं? पाय उचलत नव्हता.

दुसरी कोणी बाई अशी दारातून आत आली असती, तर खुर्चीत बसायच्या आत मी ओळखलं असतं. स्वतःकडे मात्र मी आजवर कौतुकानेच पाहत आले.

८ फेब्रुवारी

खांदा आखडला असेल. या वयात आखडतो.

९ फेब्रुवारी

खांदा आखडलेला नाही.

१२ फेब्रुवारी

हातोडीकडे जाऊन आले. हा माझा वर्गमित्र, मेंदूतज्ज्ञ. कॉलेजात असल्यापासून गुडघ्यावर ठोकायची हातोडी खिशात घेऊन फिरतो, म्हणून हे नाव. त्याने बोटं आपटायला लावली, खुर्चीतून उठवलं, चालवलं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा मी डावा हात मुद्दाम झुलवला.

"नाटक नको. पुन्हा चाल."

पुन्हा चालले. पार्किन्सन्स. सुरुवात आहे, गोळ्या चांगल्या आहेत, बरीच वर्षं हातात आहेत — मी रुग्णांशी ज्या सुरात बोलते, त्याच सुरात तो माझ्याशी बोलला. ऐकणाऱ्याला तो सूर इतका खोटा वाटत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मग म्हणाला, तुला हळू हालचालींचा उपचार सुचवला असता, पण तो काढणारी बाई फार अहंमन्य आहे असं ऐकतो. दोघंही हसलो. लिफ्टपर्यंत सोडायला आला. चाळीस वर्षांत कधी आला नव्हता.

१३ फेब्रुवारी

खरी पंचाईत वेगळीच. वीस तारखेला चित्रीकरण आहे. मुख्य पाठ मी करून दाखवायचा आणि पुढचे सगळे शिक्षक तो बघून शिकणार. गोळीच्या जोरावर तासभर निभावून नेईन. कोणाला कळायचं नाही — आणि भीती त्याचीच आहे. माझं दुखणं धडा म्हणून छापलं जाईल, आणि मी गेल्यावरही लोक आपले धडधाकट हात अंगाशी धरून चालत राहतील.

सांगावं, तर लोक म्हणणार, हिला स्वतःचा हात हलवता येईना आणि ही आम्हाला काय हलवणार? केंद्र ओस पडेल.

ह्यांना सांगितलं. बराच वेळ माझा डावा हात हातात धरून बसले. मग म्हणाले, "निम्मंच सांग. तुझा नियमच आहे."

हसले. पण इथे निम्मं चालायचं नाही.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. आरशासमोर तयार केलेलं सुंदर भाषण पहिल्याच वाक्याला विसरले.

"दोन वर्षं तुम्ही जे इतक्या निष्ठेने उचललंत, तो उपचार नाही, माझा आजार आहे. आजपासून डावा हात मोकळा सोडा. परवाचा पाठ पट्टशिष्या करील, मी शेजारी उभी राहून बोलेन."

तिचं पाठीमागचं नाव तोंडावर गेलं ते गेलंच. कोणी हसलं नाही. चाला म्हटलं. आणि काय आश्चर्य, त्याच क्षणी अकराही डावे हात झुलायला लागले. दोन वर्षांची खोड एका पावलात गेली! उपचारच किती गुणी आहे, असं मनात आलं. इतकं होऊनही ही मिजास!

१९ फेब्रुवारी

पट्टशिष्या खोलीत आली, दार लोटून उभी राहिली. म्हणाली, "खोड कधी नव्हतीच, मॅडम. वॉर्डात असे शेकडो पाहिलेत मी. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. मग ठरवलं, काचेवर तुमची सावली दिसली की सगळ्यांनी तसंच चालायचं. म्हणजे तुम्ही एकट्या दिसणार नाही." नव्या मास्तरला तेवढं कारण सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून तो ड्रायव्हरसाहेबांनाही तेच शिकवत बसला.

दोन वर्षं. मी आत पाऊल टाकलं की अकरा जण आजारी पडत होते.