पडेगावचं मधाचं यंत्र आणि वैजापूरचे पाहुणे

पडेगाव, औरंगाबाद
२३ मार्च १९९३

श्रीमान तात्यासाहेब यांना पुंजारामचा हात जोडून रामराम. आम्ही इकडे धडधाकट आहोत. वैजापुरात तुम्ही सगळे खुशाल असाल आणि वहिनींच्या कानाची सूज उतरली असेल, अशी खात्री बाळगतो. तुम्ही चिरंजीव कडूबांना घेऊन आमच्या आवडाला बघून गेलात, त्याला आज दहा दिवस झाले. (बघून म्हणजे, बघायचं राहूनच गेलं. ती पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आली तेव्हा तुम्ही न्हाणीत होतात आणि आतून कडी लावलेली होती.) तुमच्याकडून काही निरोप नाही. तेव्हा मनात गैरसमज राहू नये म्हणून सगळी हकीकत लिहितो. यंत्रात काडीचा दोष नव्हता.

मधाच्या पेट्या आमच्याकडे सहा. पूर्वी आमच्या द्वारकाबाई पोळं फडक्यात घालून पिळायच्या. मध निघायचा, पण पोळ्याचा चुराडा व्हायचा आणि माशांना बिचाऱ्यांना सगळं घर नव्यानं बांधावं लागायचं. यंत्रात तसं नाही. पोळं चौकटीसकट पिंपात उभं करायचं आणि मूठ फिरवायची. मध उडून पिंपाच्या भिंतीला लागतो, खाली नळातून येतो आणि पोळं साबूत परत पेटीत जातं. असं यंत्र तयार मिळतं, नाही असं नाही. पण ते पत्र्याचं, दोनच चौकटींचं. आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर असलेल्या माणसानं तयार यंत्र आणायचं म्हणजे आचाऱ्यानं घरी खानावळीतून डबा मागवायचा.

पहिलं यंत्र मी ताक घुसळायच्या रवीवर केलं. तत्त्व बरोबर होतं. फक्त रवी अर्धा फेरा इकडे आणि अर्धा फेरा तिकडे जाते, हे पोळी फुटल्यावर ध्यानात आलं. (पुढे आठवडाभर ताक गोड निघत होतं. द्वारकाबाई अजून तो विषय काढतात.) दुसरं तुम्ही पाहिलंत ते: गुलमंडीवरून आणलेलं स्टीलचं पिंप, भंगारातल्या हातड्रिलची दातेरी चाकं, आत चार चौकटींचा पिंजरा, खाली लोखंडी तिपाई. झाकण मी मुद्दाम काढून ठेवलं होतं, तुम्हाला आतलं दिसावं म्हणून.

चहापोह्यांच्या आधी यंत्र बघायचा आग्रह मी केला, हे कबूल. पण मूठ हातात घेतली तुम्ही. "लई हलकं फिरतंय की ओ!" असं तुम्ही म्हणालात आणि माझा ऊर भरून आला. मग तुम्ही जोर लावलात. तात्यासाहेब, जन्मभर कांद्याची पोती उचलून तुमच्या मनगटात जी रग आली आहे, ती मी धरून चाललो नव्हतो. पिंप आधी थरथरलं, मग तिपाईसकट चालायला लागलं. ओसरीवरून ते नेमकं वहिनींच्या दिशेनं का निघालं, ते मला सांगता येत नाही. "आवो, सोडा ना ते!" असं वहिनी ओरडल्या, तुम्ही सोडलंत आणि मूठ आपली आपण फिरत राहिली. मध वरून उडाला तो तुमच्या टोपीवर, नळातून आला तो सतरंजीवर, आणि मधला सगळा वहिनींच्या पदरावर. (नाव कडूबा आणि सोयरीक मधवाल्यांशी, असा विनोद मी करणार होतो. वेळ मिळाला नाही.)

उघड्या मधाचा वास लागला की माशा येणारच. त्या चावायला आल्या नव्हत्या, खायला आल्या होत्या. हे मी ओरडून सांगत होतो. पण तुम्ही न्हाणीत आणि वहिनी गाडीत काचा वर करून. कानाला चावली ती माशी पदरात अडकली होती. तिचाही नाइलाज होता.

तरी यंत्र उत्तम आहे आणि मुलगी त्याहून उत्तम, हे मनात धरून काय ते ठरवावं.

तुमचा,
पुंजाराम

ता. क. – हे पत्र टाकायला आवडाकडे दिलं होतं. तिनं ते वाचलं आणि दुरुस्ती केल्याशिवाय पेटीत पडणार नाही म्हणाली. म्हणून लिहितो. रवीचं यंत्र माझं. पिंपाचं यंत्र आवडानं केलं, आयटीआयला दोन वर्षं शिकली ते सगळं पणाला लावून. मी पिंप तेवढं उचलून आणलं. तुम्ही यायच्या दिवशी सकाळीच तिनं बजावलं होतं, "आप्पा, चारी चौकटी असल्याबिगर फिरवू नका. एका अंगाला वजन कमी पडलं की पिंप चालतंय." चौथी चौकट मी तुमच्यासमोर मिरवायला ताटात काढून ठेवली होती. तुमच्या मनगटाबद्दल लिहिलं ते मागं घेतो. चूक माझी. माफी असावी.

आणखी एक – हे मला आजच कळलं. सगळे पळालो (मीही) तेव्हा तुमचे कडूबा एकटे पिंपाला मिठी मारून उभे राहिले. त्यांनी नळ बंद केला आणि डोक्यावर माशा बसलेल्या असताना पिंपात डोकावून आवडाला विचारलं, "एक चौकट कमी हाय इथं. कुठंय ती?" तिनं ताट आणून दिलं. दोघांनी चौकट बसवली, वर ओली चादर टाकली आणि उरलेला मध काढला. मी न्हाणीच्या दारात तुमची विनवणी करत होतो, तेव्हा ओसरीवर यंत्र झकास चालू होतं म्हणे.

तेव्हा तुमचा निर्णय काय झाला, ते राहू द्या. आवडाला मुलगा पसंत आहे. त्याचं काय म्हणणं आहे ते त्याला विचारून कळवा.