दोन किलोमीटर समुद्र

मांडवी, रत्नागिरी
शनिवार, १७ जानेवारी २०२६

शब्बीरभाई,

अस्सलाम आलेकुम. तू, भाबी आणि अर्शी खुशाल असाल, अशी दुआ करते. आम्ही मायलेकी मजेत आहोत. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच बाजूला टाकशील, या भीतीनं पत्ता सायमाकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर शेवटापर्यंत वाच. बाकी काही मागत नाही.

दोन दिवसांसाठी रत्नागिरीला आलोय. समुद्राला लागून एक जुनं हॉटेल आहे, सायमानं फोनवरूनच खोली घेतली होती. खोली बघून पोरीचं तोंड उतरलं. जिन्यावरचं लाल जाजम मधोमध झिजून राखी झालंय. पंख्याचा रेग्युलेटर थाळीएवढा, अब्बांच्या वेळी आपल्या दुकानात असायचा तसला. टीव्ही म्हणजे मोठं खोकं, त्याच्यावर विणलेला रुमाल. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, तेही बादलीनं. खिडकीच्या गजांना हात लावला की गंज हाताला येतो. पण चादरी स्वच्छ, उन्हात कडक वाळवलेल्या. मला तर लई आवडलं.

भाई, त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात आज पहिल्यांदा हॉटेलच्या रजिस्टरात मी माझ्या हातानं नाव लिहिलं. काउंटरवर मालकीणबाईच बसतात, शारदाबाई, सत्तरीच्या पुढच्या. रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना होता. सायमा म्हणाली, 'फिरायला' लिही. मी 'पोहण्याची स्पर्धा' असं लिहिलं. शारदाबाईंनी ते वाचलं आणि सायमाकडं बघून म्हणाल्या, "मुलगी पोहते वाटतं."

मी म्हणाले, "न्हाई, मी पोहते."

त्यांनी चष्मा काढला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातातली किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि दुसरी दिली. समुद्राकडच्या खोलीची. त्याचे जास्त पैसे घेणार नाही म्हणाल्या.

तुलाही धक्का बसला असेल. गावात, पौडात, कुणाला सांगितलेलं नाही. बावधनला मी एका तलावावर कामाला आहे, हे तुझ्या कानावर आलं असेल. पोहायचा तलाव, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची देखरेख माझ्याकडं. किल्ल्या द्यायच्या, फरशी कोरडी ठेवायची. तिथं बायकांना शिकवणाऱ्या हेमलताताई एकदा मला म्हणाल्या, भाबी, रोज पाणी बघता आणि पाण्याकडं पाठ करून बसता, असं का? मी फरशी पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी बॅच सुटल्यावर त्यांना म्हणाले, मला शिकवा.

पहिला महिना नुसता दांडी धरून पाण्यात तोंड बुडवायचं, बुडबुडे सोडायचे. सहा-सहा वर्षांच्या पोरी हसायच्या. पाणी नाकात गेलं की मला उलटी व्हायची. ताई चिडल्या नाहीत कधी. आठव्या महिन्यात मी पहिल्यांदा ह्या टोकाची त्या टोकाला गेले. त्या दिवशी भिंतीला धरून इतकी रडले की ताईंना वाटलं पायात गोळा आला. याला आता चार वर्षं होतील.

का शिकले ते उद्या लिहिते. आज लिहिलं तर उद्या हात चालायचे नाहीत.

रविवार, दुपार

भाई, मी पोहले. दोन किलोमीटर. समुद्रात.

पन्नाशीच्या वरच्या आम्ही सात जणी होतो. सायमानं अंगभर पोशाख मागवून दिला होता, डोक्याला पिवळी टोपी, दंडावर नंबर. सकाळी सात वाजता वाळू बर्फासारखी गार. तलावाचं पाणी शहाणं असतं, भाई, जागेवर राहतं. समुद्र पहिल्या दहा हातांतच तोंडात शिरला. पण ताईंनी शिकवलं होतं, लाटेशी भांडायचं नाही, ती वर नेईल तेव्हा श्वास घ्यायचा. तसं करत गेले. आजूबाजूला होड्या होत्या, त्यांतले कोळी हात करून वाट दाखवत होते.

लांब एक लाल पिंप तरंगत ठेवलं होतं, त्याला वळसा घालून परत यायचं. तिथपर्यंत पोचले आणि खाली बघितलं. हिरवट काळं पाणी, तळ नाही. माझे हात आखडले. मी पाठीवर झाले, कान पाण्यात गेले, आणि माझ्याच श्वासाचा आवाज ऐकत पडून राहिले. होडीतला कोळी ओरडून विचारत होता, वर घेऊ का. मी मान हलवली, नको.

तिथं मला तुझा आयान आठवला. म्हणजे तो रोजच आठवतो. पण जे मी साडेसहा वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते तिथं पाण्यात पडून स्वतःलाच सांगितलं. आता तुला सांगते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे धरणाच्या पाण्यावर गेलो होतो. जून होता, पाणी खाली गेलं होतं. तू आणि भाबी गाडीतून डबे आणायला गेलात. जाताना तू पोरांना बजावलंस, मी येईपर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही. तू गेल्यावर आयान माझ्याजवळ आला. म्हणाला, "फुफी, नुसते पाय भिजवू?"

मी हो म्हणाले. गुडघ्यापर्यंत जा, म्हणाले.

पुढचं तुला ठाऊक आहे. चिखल सरकला, तो घसरला. मी कमरेपर्यंत गेले, ओढणी फेकली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. जनाज्याच्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास की मी नुसती बघत राहिले. तेवढं मी ऐकून घेतलं, कारण खरं त्याहून वाईट होतं आणि ते तुला माहीत नव्हतं. तू मला माझ्या खऱ्या चुकीबद्दल कधी बोललाच नाहीस, भाई. दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत राहिलास. आणि मी त्याच्याआड लपून राहिले.

आयान माझ्यापासून किती लांब होता, ते आता मला मोजता येतं. दहा हात मारले असते तर पोचले असते. दहा. आज मी किती मारले ते मोजले नाहीत, पण दोन हजारांच्या खाली नसतील.

मग मी पोटावर झाले आणि पिंपाला वळसा घालून परत निघाले. सातांत पाचवी आले. माझ्या मागं राहिलेल्या दोघींतली एक शाळेत पोहायला शिकवते, हे सायमानं मुद्दाम चौकशी करून मला सांगितलं. किनाऱ्यावर पाय टेकले तर उभं राहता येईना, सायमानं आणि शारदाबाईंनी दोन्हीकडून धरलं. शारदाबाई हॉटेल उघडं टाकून आल्या होत्या. त्याच सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या की पिवळ्या टोपीतली ती आमच्याकडं उतरली आहे. स्पर्धा पुरी करणाऱ्या प्रत्येकीला पदक देतात. ते गळ्यात घालूनच मी जेवायला गेले. सायमा म्हणाली, आता काढ, लोक बघतायत. मी म्हणाले, बघू देत. वाढणाऱ्यानं विचारलं, कसलं हो हे? त्याला सगळं सांगितलं. माशाचा तुकडा गार झाला तरी सांगत होते.

गर्व करू नये म्हणतात. मी आज करतेय. अम्मा असती तर तिनं आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग गल्लीभर सांगितलं असतं.

आता अर्शीबद्दल. तेरा वर्षांची झाली ती. भाबीकडून कळतं, ओढ्याच्या बाजूनंसुद्धा तू तिला जाऊ देत नाहीस, शाळेची सहल धरणाकडं गेली तेव्हा घरी ठेवलीस. तुझी भीती मला कळते. माझ्याइतकी कुणाला कळणार? पण आपल्या गावाला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. पोरीला पाण्यापासून किती वर्षं लांब ठेवशील? तिला शिकू दे. मी शिकवीन. माझ्यावर भरवसा नसेल तर हेमलताताई शिकवतील आणि मी दाराबाहेर बसेन. तेही नको असेल तर दुसऱ्या कुठल्या तलावावर घाल. पण शिकू दे.

माफी पत्रात मागणार नाही. तू परवा दुकानात असशील. उद्या आम्ही निघतो, परवा सकाळी मी पौडाच्या स्टँडवर उतरून सरळ दुकानात येईन आणि हेच सगळं तुझ्या तोंडावर बोलेन. गिऱ्हाईक असलं तरी बोलेन. त्यानंतर तू हाकललंस तर जाईन. पत्र तुझ्या हातात माझ्या आधी पडावं, म्हणून शारदाबाईंच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आज पुण्याकडं निघालाय, त्याच्याजवळ देतेय. तो उद्या दुकानात आणून देईल. एक रात्र तुला मिळेल विचार करायला. मला साडेसहा वर्षं मिळाली.

भाबीला सलाम. अर्शीला प्यार.

तुझी बहीण, आणि आयानची फुफी,
बिस्मिल्ला