जीप कुणासाठी आली होती?

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची उलटतपासणी घ्यायची माझी खोड गेलेली नाही. सोलापुरात आपण पोलीस लाइनीत राहत होतो तेव्हाची ती दुपार. कुणाचं डोकं फिरल्याची वर्दी आली, की तुम्ही सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना बरोबर घेऊन जायचात. काठी बघून माणूस जास्तच बिथरतं, हे तुम्हाला अनुभवानं पटलं होतं. लाइनीतले लोक हसायचे, "हवालदार आता बाई घिऊन येडी धरतोय." त्या दुपारी वर्दी आपल्याच घरची होती.

आई स्वयंपाकघरात विळी घेऊन बसली आहे. शेजारणींनी पिठात विष कालवलंय म्हणते, कित्येक दिवस पोटात धड अन्न नाही. तुम्ही टोपी आणि पट्टा बाहेर खुंटीला लावून येता, पण पोलिसी सवयीनं उभे राहता ते नेमकं दार अडवून. सिस्टर म्हणतात, "हवालदार, बाजूला सरा की. वहिनींना वाट दिसू द्या." मग त्या खाली फतकल मारून बसतात. "वहिनी, सकाळपासनं उपाशी हाय मी. भाकरी मिळंल का?"

"पीठ वंगाळ हाय. मराल तुमी."

"मरू द्या. भूक लई लागलीय."

आईनं विळी खाली ठेवली. भाकरी थापली, वर शेंगाचटणी वाढली आणि सिस्टरच्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघत राहिली. शेवटी तिनं स्वतः एक तुकडा मोडून तोंडात घातला. मला रडूच फुटलं. संध्याकाळी ती सिस्टरबरोबर टांग्यानं दवाखान्यात गेली, आपल्या पायानं, आणि बरी होऊन घरी आली.

सगळे तुमचं कौतुक करतात. पण त्याच दुपारी मी पाणी आणायला बाहेर पडले, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ठाण्याची जीप उभी होती. आत दोन शिपाई आणि दोरी. आईनं भाकरी थापली नसती, तर तुम्ही तिला बांधून पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडणार होता ना? मी विचारलं तेव्हा तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "जीप रोजच आसती की तितं." रोज नसायची, अण्णा.

आता शपथेवर सांगितलंत तरी मला खरं वाटणार नाही. लोक म्हणतात, पोरीनं आईचा संशय उचलला. आईचा तर दवाखान्यातल्या गोळ्यांनी गेला. माझा पोलिसाचा आहे, तुमच्याकडून आलेला, असं मी ठणकावून सांगते. फक्त, नवऱ्यानं केलेल्या चहाचा पहिला घोट मी त्यालाच घ्यायला लावते आणि ते थट्टेवारी नेते. हे तुम्हालाही सांगायचं नव्हतं.