भात्याच्या बाजूनं

आबा, तुमची पणती पुण्याच्या कॉलेजात जायचं म्हणती, आणि कॉलेज कशाचं ते ऐकलंत तर जिथं असाल तिथं तोंडातलं पान थुंकून उठून बसाल. चाली बांधायचं. नुसतं गाणं म्हणायचं नव्हे, पेटी वाजवायची नव्हे, नव्या चाली बांधायच्या, त्याचं शिक्षण, आणि शेवटी पदवी. मी म्हटलं, "अगं, ह्याचं बी कॉलेज असतंय व्हय?" तर म्हणती, "असतंय की आजी, तूच लवकर जन्मलीस." काल तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. तेव्हापासून मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलेय. गिरणीवाल्याला सांगितलं, तर त्यानं ज्वारीचा डबा तसाच खाली ठेवून विचारलं, "मग मावशी, लग्नात बँड वाजवणार का पोरगी?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नात वाजवला असता, पण तुझं उरकलं." माझं दळण त्यानं जाडंभरडं काढलं ते त्यामुळंच असंल. आज भाकरी थापताना चिरत होती.

हे लिहितेय तिच्याच वहीत. अक्षर वाकडं येतंय, जोडाक्षराला हात अडतो, पण हसू नका. तिसरीतून शाळा तुम्हीच सोडवलीत माझी. भाऊ रांगायला लागला होता, त्याला धरायला कुणीतरी पाहिजे होतं.

तर फॉर्म भरताना काय झालं ते सांगते. तिघं बसलो होतो, मी, पोरगी आणि तिचा बाप, म्हणजे माझा लेक. कॉलेजनं तीन चाली मागितल्या होत्या, रेकॉर्ड करून पाठवायच्या. दोन स्वतःच्या. तिसरीत घरातली नाहीतर गावातली जुनी चाल घ्यायची, तिच्यावर आपलं नवीन काम करायचं, आणि मूळ चाल कुणाची ते लिहायचं. पोरीनं ती अभंगाची चाल घेतली होती. तीच, मारुतीच्या देवळात अजून म्हणतात ती. लेक म्हणाला, "लिही, पणजोबांची. तेरणाकाठचे पेटीमास्तर होते म्हणावं. वजन पडतंय." पोरगी लिहायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांची न्हाय ती. माझी हाय." लेक हसला. आबा, अगदी तुमच्यासारखा हसला. म्हणाला, "आई, तिसरी शिकलेल्या बाईनं चाल बांधली असं लिहायचं का तिनं?"

आता तुम्हाला आठवतं का बघा. तुम्हाला पेटी दोन्ही हातांनी वाजवायची हौस, आणि भाता हलवायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून मी. आठ-नऊ वर्षांची मी पेटीच्या पाठीमागं तुमच्याकडं तोंड करून बसलेय, भाता हलवतेय, हलवतेय, खांदा भरून येतोय आणि थांबले की तुम्ही पट्टीवरचं बोट उचलून माझ्या डोक्यात टिचकी मारताय. तुमचा खालचा सा माझ्या उजव्या हाताला. तुम्ही रानात गेलात की मी त्याच बाजूला बसायची, एका हातानं भाता, दुसरा हात पेटीवरून पलीकडं टाकून सूर शोधायची. पुढच्या बाजूला जाऊन बसायचं मला कधी सुचलंच नाही. ती तुमची जागा.

चाल सुचली ती पुढं चार-पाच वर्षांनी, गोवऱ्या थापताना. दोन्ही हात शेणात, आणि मी आपली तोच अभंग वेगळाच म्हणतेय. तुम्ही मागून आलात, म्हणालात, "परत म्हण." मी म्हटली. "परत." तीनदा म्हणायला लावलीत. मला वाटलं, आता आबा मला जवळ घेणार. तुम्ही पेटी काढलीत, मला भात्यावर बसवलंत आणि चाल पट्ट्यांवर उतरवून घेतलीत. शनिवारी देवळात वाजवलीत. गाव खूश. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे भजनीबुवा घरी चहाला आले, म्हणाले, "मास्तर, चाल लई गोड बांधलीत." तुम्ही बशीतला चहा फुंकत गप्प. मी दारात उभी होते. म्हटलं, "माझी हाय ती." बुवा हसले, तुम्ही हसलात. बुवा गेल्यावर मात्र म्हणालात, "भाता हलवला म्हणून कुणी लोहार होत न्हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून भात्यावर भावाला बसवलंत. त्याला ताल ना सूर, भाता सोडून मांजर धरायला पळायचा. तरी तोच. पुढं पेटी त्यालाच दिलीत. उंदरांनी तिचं कातडं कुरतडलं ते तुम्ही बघितलं नाही, बरं झालं. मला लग्नात तांब्याची घागर दिलीत. दणकट आहे, अजून गळत नाही.

तुमच्या तेराव्याला सगळ्या भजन्यांनी ती चाल म्हटली. म्हणाले, आबांची आठवण. मी बायकांच्यात बसून इतकी रडले की मावशीनं पाणी पाजलं. म्हणाली, "बापाची लई माया होती पोरीवर." मी पाणी प्याले.

पण त्या दिवशी लेक हसला तेव्हा पोरगी नाही हसली. उठली, तिचा तो विजेवरचा बाजा टेबलावर ठेवला, म्हणाली, "आजी, वाजव." मी टेबलाला वळसा घालून पलीकडं गेले. लेक म्हणाला, "आई, इकडून असतंय ते." मी ऐकलंच नाही. उलट्या बाजूनं हात टाकला आणि साठ वर्षांनी बोटं आपणहून गेली, एक सूर चुकला नाही. पोरगी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मग बापाला म्हणाली, "पप्पा, हे कुणी शिकवून येत न्हाय. असं भात्यामागं बसूनच येतंय." आणि तिनं फॉर्मवर लिहिलं: मूळ चाल, माझी आजी. खाली माझं पूर्ण नाव. आबा, माझं नाव लग्नपत्रिकेतसुद्धा नीट छापलं नव्हतं तुम्ही.

आता एवढंच राहिलं. ती चाल वर चढायची ती माझीच, पण मला ती खाली आणता येत नव्हती. दरवेळी मधेच तुटायची. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत, आणि मग पेटीवर शेवटी दोन सूर गाळून तिला अलगद खाली उतरवलीत. मी भाता हलवायचं विसरले होते तेव्हा.

पोरगी काल म्हणाली, "आजी, चाल खाली येती ना, तेच लई भारी आहे. मी सगळं काम त्याच्यावरच उभं केलंय. मुलाखतीत तेच विचारणार बघ." मग विचारलं, "ते बी तुलाच सुचलं ना?"

मुलाखतीला आठ दिवस आहेत. हे पान मी वहीतून फाडून घागरीत टाकणार आहे.

तुम्ही त्या बुवांसमोर चहा फुंकत बसला होतात. काल पोरीनं विचारलं तेव्हा मी शेंगा निवडत होते. मान हलवली, व्हय म्हणून. काही अवघड गेलं नाही, आबा.