चहातला फ्रेंच टोस्ट आणि मामांचे रविवार

शनि., ८ नोव्हेंबर. नांदेड.
लातूरच्या क्लासचं पत्र येऊन आठवडा झाला. जीवशास्त्र शिकवायचं, राहायचं तिथंच. हो की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. नवऱ्याला, संतोषला, अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. तो किनवटच्या आश्रमशाळेवर शिक्षक, शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे परत.
म्हणून उद्याचा बेत: उशिरा उठायचं, अकराला निवांत ब्रंच, मसाला चहातला फ्रेंच टोस्ट. खाता खाता सांगेन. आलं, विलायची, दोन लवंगा घालून घट्ट चहा केला, गाळून झाकून ठेवलाय. पाव बुडवायला अंड्यात फेटायचा तो गारच हवा, नाहीतर अंडं फाटतं. अंडी उद्या सकाळी. शनिवारी सासूबाई अंडी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत.

रवि., ९
अंडी घेऊन आले तर चहा गायब! सासूबाईंचे भाऊ, भोकरचे मामा, पहिल्या गाडीनं हजर. सासूबाईंनी तोच चहा पाणी-साखर घालून उकळला आणि त्यांना दिला. वर कौतुक, "रातीच करून ठिवलाय सूनबाईनं." मामांनी बशीत ओतून दोनदा घेतला. मग, "मास्तर, आवर बरं. मुदखेडला पोरगी बघायची हाय."
मामांचा मुलगा बाळू शेती करतो म्हणून कुणी मुलगी देईना. पगारदार भाचा सोबत असला की पाहुणे निदान बसा म्हणतात. कळतं मला. पण दर वेळी माझाच रविवार?
सं. रात्री परत आला तो जांभया देतच. अंड्यांची भुर्जी केली.

रवि., १६
चहा फ्रीजमध्ये दह्याच्या मागे लपवला होता. सासूबाईंनी बरोबर शोधला. "वाया जातो ना." मामा बशी घेऊन तयारच!
चिडून नवा टाकला. घाई केली, गरमच अंड्यात ओतला. सगळं फाटलं, गोळे गोळे. त्यात सासूबाई, "अंड्याचा चमचा आपल्या भांड्यांत मिसळू नकोस."
सं. म्हणाला, "पुढच्या रविवारी खाऊ. कुठं पळून जातंय?"
जातंय! पण मामा दारात चपला घालून उभे. काय सांगणार, कपाळ?

रवि., २३
चहा रात्री कपड्यांच्या कपाटात ठेवला. साड्यांना विलायचीचा वास. असो.
मामांना वेगळा चहा दिला. मागच्या ओट्यावर, अंड्याच्या वेगळ्या तव्यावर, तुपात टोस्ट भाजले. आत मऊ, कडा कुरकुरीत. झाले एकदाचे! पण मामा उठतील तर ना. "हे काय करून राहिली पोरी?" म्हणत चार खाल्ले.
तोंड पुसून म्हणाले, "आपला मास्तर पाहुण्यांपुढं लई भारी बोलतो. म्हणतो, आमच्यात सुनांना नोकरीला आडवत न्हाईत, माझंच घर बघा."
मी उलथनं खाली ठेवलं. म्हटलं, "मग मला लातूरहून बोलावणं आलंय." सगळं सांगून टाकलं, मामांसमोरच. असं सांगायचं नव्हतं.
सं.च्या हातात टोस्ट तसाच. "बघू."
मामा म्हणाले, "बघू काय? तूच म्हणलास न्हवं?"
आणि दोघं देगलूरला निघून गेले. मुलगी बघायला.

सोम., २४
सं. पहाटे न बोलता गेला. दिवसभर नुसता संताप. भांडी आपटली.
संध्याकाळी फोन. "जेवलीस का?" मग, "लातूरला सुट्टी कधी असते तुला?"
"बुधवारी. रविवारी मुलांच्या परीक्षा असतात."
"आणि मला रविवारी."
"हो."
पत्रात होतंच ते. मी वाचलंही होतं. तरी मोठ्यानं बोलल्यावरच कळलं, दोघांची सुट्टी एका दिवशी कधीच नाही.
म्हणाला, "टोस्ट चांगला झाला होता. मला एकच मिळाला."
रडू आलं, आणि रागही. महिनाअखेर नेमकी रविवारीच आहे. म्हटलं, "या रविवारी मामांना नाही म्हण."
"म्हणतो."
म्हणेल तेव्हा खरं.