लय चुकली

३ नोव्हेंबर, सोमवार. अमरावती. सकाळी ६.१०

युरोपातली आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा आजपासून सुरू. मोबाईलवर लाइव्ह, आपल्याकडे दुपारी दीडला. रोज पाहणार. कारण एकच, संगीत. पौर्णिमाही पाहते, हा योगायोग.

नोंदीसाठी लिहून ठेवते. पौर्णिमा माझी मुलगी, अकोल्यात पियानोचे क्लास घेते. २ ऑगस्टला तिचा कार्यक्रम झाला. शेवटी श्रोत्यांचे अभिप्राय विचारले. मी उभी राहून म्हणाले, "दुसऱ्या भागात लय चुकली." लय म्हणजे गती. स्त्रीलिंगी शब्द, साधं वाक्य. पण आपल्या वऱ्हाडात लय म्हणजे फार. सगळ्यांनी ऐकलं की पोरगी फार चुकली, ते पण आई सांगते. हॉल हसला. भाषेचं अज्ञान लोकांचं, त्यात माझा दोष नाही.

तीन महिने तिचा मला फोन नाही. ह्यांना रोज येतो. मी शेजारच्या खोलीत असते. कान देत नाही. भिंत पातळ आहे.

हे म्हणाले, "काहून ताणून राहिली? एक फोन कर न पोरीले." मी म्हटलं, फोन लहानांनी करायचा असतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमाने स्पर्धेसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आहे. 'पियानो ऐकणारे, अकोला.' लिंक ह्यांच्या फोनवर सापडली. मी शोधत नव्हते.

नवीन सिम घेतलं. नाव: भगवंतराव, अंजनगाव सुर्जी. पुरुषाचं मत लोक निमूट ऐकतात, हा एकतीस वर्षं शाळेत मुख्याध्यापिका राहून आलेला अनुभव.

पहिला अभिप्राय टाकला: "स्पर्धक क्र. ४. हात स्वच्छ. मान नाहक हलवतो. १०० पैकी ५२."

कोणी माया आहे तिथे. तिने लिहिलं, "काका, पोट्टं पियानो वाजवून राहिलं का दहावीचा पेपर देऊन राहिलं?" उद्धट.

पौर्णिमाने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मला नव्हे, भगवंतरावांना. तरी तीन वेळा उघडून पाहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.२०

क्र. ११. हिरव्या ड्रेसमधली मुलगी. उत्साहात लिहून गेले, "मी थक्क झाले." भगवंतराव थक्क 'झालो' हवे होते. चार मिनिटांनी डिलीट केलं. पण तिथे 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी राहते. मूर्ख सोय. टायपिंगची चूक, असं कळवलं.

पौर्णिमाने उत्तर दिलं: "चालतं, काका. थंडी पडली आहे. गुडघ्याला पट्टा बांधून बसत जा."

हिला भगवंतरावांचे गुडघे कसे माहीत? विचार केला. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतातच. सामान्यज्ञान.

पट्टा बांधला.

१० नोव्हेंबर, सोमवार

निश्चय. पौर्णिमाला क्र. ११ आवडते. ग्रुपवर तिने तिच्याबद्दल तीन वेळा लिहिलं. यापुढे ११ ची फक्त स्तुती. भगवंतरावांवर विश्वास बसला की ते एकदा सहज लिहितील, "तुमच्या मातोश्रींनाही संगीताची जाण असावी." मग ती फोन करेल. योजना अचूक आहे. फक्त गप्प राहायचं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उपांत्य फेरी. क्र. ११ दीडला बसली.

१.४५. संथ भागात पळते आहे. सांगणार नाही.
१.५२. अजून पळते. जीभ दातांखाली धरली.
१.५६. लिहिलं. "दुसऱ्या भागात लय चुकली. ४८."

मायाने लगेच विचारलं, "काका, बाईची लय चुकली का बाई लय चुकली? नीट सांगा, इथं मागं एक भांडण झालं आहे."

१.५८. 'पौर्णिमा टाइप करत आहे.'
२.०३. टाइप करत आहे.
२.०४. बंद.
२.०५ ते ४. काहीच नाही.

ते वाक्य डिलीट करता आलं असतं. केलं नाही. खरं होतं.

संध्याकाळी जेवले नाही. ह्यांना ॲसिडिटी सांगितली. हे म्हणाले, "तीन महिन्यांपासूनची ॲसिडिटी आहे तुही." बडीशेप पुढे केली आणि गेले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी अंतिम फेरी. पौर्णिमाच्या क्लासमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार, सगळ्यांना आमंत्रण. खाली तिने वेगळं लिहिलं: "भगवंतराव, तुम्ही यायचंच."

भगवंतराव आजारी पडतील. त्यांच्याऐवजी मी जाईन, सहज, अकोल्यात काम होतं म्हणून. कोणतं काम, ते बसमध्ये ठरवू. सांबारवडी करून नेणार. तिला आवडते म्हणून नव्हे, सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला आहे.

अभिप्राय विचारला तर एकच शब्द: उत्तम.

१६ नोव्हेंबर, रविवार. परतीच्या एसटीत. अक्षर वाईट येत आहे, रस्ता वाईट आहे.

सकाळी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत 'उत्तम' चाळीस वेळा म्हटलं. शेजारच्या बाईने जागा बदलली.

क्लासमध्ये दहा-बारा माणसं. मायाने खुर्ची दिली. "जयभीम मावशी, बसा. कोन्या कामानं आलात?" काम ठरवायचं राहून गेलं होतं. पौर्णिमाने डबा घेतला. म्हणाली, "बस." तीन महिन्यांनी एक शब्द. वजन कमी झालं आहे तिचं.

पडदा सुरू व्हायला अवकाश होता. ती पियानोपाशी बसली आणि ऑगस्टमधली तीच रचना वाजवली. संपल्यावर माझ्या दिशेने पाहून म्हणाली, "भगवंतराव, अभिप्राय?"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर.

उभी राहिले. शब्द तोंडात तयार होता. म्हणाले, "दुसऱ्या भागात लय चुकली."

या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वाकून गुडघ्याचा पट्टा घट्ट केला.

पौर्णिमाने वर न पाहता विचारलं, "लय?"

घरी मी तिला वऱ्हाडी कधी बोलू दिली नाही. मी म्हणाले, "लय नाही. थोडी."

तिने मान खाली घातली. हसली की काय, केसांमुळे दिसलं नाही. मग पडदा सुरू झाला. पहिलं बक्षीस क्र. ११ ला. माझे ४८. परीक्षकांचं त्यांच्यापाशी.

निघताना डबा परत मिळाला, रिकामा. तिने किती वड्या खाल्ल्या, गर्दीत कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ७.४०. भगवंतरावांना ग्रुपमधून काढलं. अपेक्षित होतं. मला फरक पडत नाही.

७.५२. माझ्या जुन्या, खऱ्या नंबरवर: 'पौर्णिमाने तुम्हाला जोडलं.' तोच ग्रुप. यादीत नाव आहे, 'आई'.

चष्मा पुसला. टेबलाशी बसले. क्र. ११ बद्दल तीन परिच्छेदांचा सविस्तर अभिप्राय आधी कागदावर लिहिला. गुण वाढवून ६१ केले. शेवटी एक ओळ पौर्णिमाबद्दल. तीही वाढवून.

८.३५. लिहायला जागाच दिसत नाही. खाली पाटी आहे, 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.' तांत्रिक अडचण असावी. ह्यांना दाखवलं. हे हसत हसत पलंगावर बसले. म्हणाले, "पोरगी तुहीच आहे."

९.१०. मायाचा मेसेज आला. म्हणजे अडचण सगळ्यांना नाही. यादी नीट तपासली.

एकूण बारा जण. अकरा ॲडमिन.