काटा खाली होता

अन् दाबाचा काटा खरंच खाली होता, बाबा. तुमचे खाणीतले दोस्त, काका, तुमी गेल्यापासून हेच सांगून राह्यले, कोणी ऐकलं नाही. मीही नाही. मले वाटे, माणूस सोताले वाचवाले बोलते. खाणीतल्या त्या जनरेटरवर त्या दिवशी पाळी त्यायची होती, तुमी गेले अन् ते वाचले, मग दुसरं काय बोलतीन.

आता मी जबलपूरले मोटारीच्या वर्कशॉपात शिकून राह्यलो. तिथच्या लायब्ररीत विलायती मासिकं येतात. तुमी मले इंग्रजी शाळेत टाकलं म्हणून ते वाचता येतात. एकात टर्बोवाल्या गाड्यायचं आलतं. मी उभ्याउभ्याच वाचलं, अन् अर्ध्यावर मले उकव्याच्या खाणीतलं आपलं जनरेटर दिसाले लागलं. तेच तर आहे सारं. जो धूर वाया जाते त्यानं एक पंखा फिरवाचा, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबते. हवा जास्त, ताकद जास्त, मग धूर जास्त, मग पंखा आणखीनच जोरात. त्याले कोणीतरी बस म्हणलं पाह्यजे. म्हणून हवेच्या पाइपातून एक बारीक नळी काढतात. तिच्यातून दाब एका रबरी पडद्याले लागते, पडद्याच्या मागं स्प्रिंग. दाब हद्दीच्या वर गेला का पडदा स्प्रिंगले रेटते, दांडी सरकते, बाजूचं झाकण उघडते अन् धूर पंख्याले टाळून निघून जाते. आपल्या जनरेटरचा काटाही त्याच नळीवर होता. नळी बुजली तर पडद्याले वाटते दाबच नाही. झाकण उघडत नाही, काटाही उठत नाही, अन् पंखा मात्र पळत राहते, फुटेपर्यंत.

मग माय जे बोलली ते आठवलं. मागच्या सुट्टीत घरी गेलतो. मी अन् ती तांदुळ निवडत बसलो होतो, अन् दसऱ्याची गोष्ट निघाली. खाणीत दसऱ्याले साऱ्या मशिनी धुवून, रंगवून, हार घालून पूजेले ठेवत. तुमी नारळ फोडत नव्हते. दीक्षा घेतली तवापासून दसऱ्याले तुमी नागपूरले जात. पण जनरेटरले रंग तुमचाच लागे, दुसऱ्याच्या हाती ब्रश देत नव्हते. फोरमन चिडवे, हाथ तो जोड़ता नहीं, पर सजाता है दुल्हन जैसा. तुमी म्हणत, पूजा तुमी करा साहेब, काम मी करतो. हे सांगताना माय हासत होती. मग म्हणे, "त्या वर्षी माह्या जुन्या लुगड्याची चिंधी मांगतली तुह्या बाबानं. नळी काढून रंगवतो म्हणे, भोकात चिंधी कोंबतो, नाही तर रंग इंजिनात जाईन. मीच फाडून देल्ली. एवढं जपत ते." अन् नागपूरचा ट्रक लवकर आला, हॉर्नवर हॉर्न, तुमी रंगाच्या हातानंच चढले. हेही तिनंच सांगतलं.

चिंधी काढली का नाही, हे तिले माहीत नाही. तिनं कधी इचारही केला नाही. तिच्यासाठी ती चिंधी म्हणजे तुमचं जपणं.

मासिक वाचल्यावर मी किरनापूरले गेलो. काका तिथं सायकली दुरुस्त करतात. चौकशीत ठरलं का त्याइनं काट्याकडं न पाहता लोड टाकला, म्हणून खाणीतून काढलं. मी इचारलं. त्याइनं पंक्चरची ट्यूब टपात बुडवली, बुडबुडे पाहत बसले. मग सांगतलं. तुमी नागपूरहून आले, दसऱ्यानंतर जनरेटर पहिल्यांदाच पुऱ्या लोडवर चाललं. काटा तळाशी, अन् आवाज शिट्टीसारखा चढून राह्यला.

"मले समजे ना," ते म्हणाले. "मीच तुह्या बाबाले हाक मारली. म्हणलं, पाहा न जरा, हे काहून असं वरडते. ते कान लावाले वाकले. मी हाक नसती मारली तर..."

काकूनं जेवाले वाढलं, भात अन् तुरीची दाळ. मी जेवलो.

पंख्यासंगं काटाही फुटला, नळी भंगारात गेली. दाखवाले माह्यापाशी काही नाही. पण मले पक्कं वाटते का ट्रकच्या घाईत तुमी नळी तशीच बसवली, ती चिंधी आतच राह्यली, वरून रंग वाळला, अन् बुचासारखा डाट बसला. काकाचा काही दोष नव्हता. त्यायच्या पोरीले पाह्याले पाहुणे येतात अन् कोणीतरी त्याइले सांगते, याच्या हातानं दोस्त मेला. आपली मायही त्यायच्या घरी पाणी पेत नाही. रस्त्यात दिसले तर पदर ओढून दुसरीकडून जाते.

त्याइले मोकळं कराचं तर मायले सांगा लागते का चिंधी तिच्या लुगड्याची होती. ती पुढं कशी जगीन, मले समजत नाही. अन् नाही सांगतलं तर काका त्या हाकेचं ओझं घेऊनच मरतीन.

हा कागद टाकाले पोस्टाचा डबा नाही, मले समजते. काकाइकडं मी त्याच्यानंतरही एकदा गेलो, जेवलो, गाडीचं, पावसापाण्याचं बोललो, अन् तोंड उघडलं नाही. तुमाले काय वाटते बाबा, या दोघाइतून कोणाले वाचवू?